तांबड्या समुद्रातले जहाजांवरचे हल्ले संघर्षाच्या डेटासेटमध्ये सापडत का नाहीत?

प्रश्न: राज्यशास्त्र_रत्नागिरी

नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय घेतला आहे: नोव्हेंबर २०२३ पासून तांबडा समुद्र आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर झालेले हल्ले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खलाशांना त्याची बसलेली झळ.

उप्साला विद्यापीठाच्या यूसीडीपी या संघर्षांची माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पाचा घटनानिहाय डेटासेट, म्हणजे जीईडीची २५.१ आवृत्ती, उतरवून घेतली. देश येमेन, वर्षं २०२३ आणि २०२४, आणि ठिकाण नेमकं ठाऊक असलेल्याच नोंदी ठेवल्या. उरलं त्यात समुद्रावरचं काहीच नाही. गॅलेक्सी लीडर या जहाजावरचा हल्ला नाही, मार्लिन लुआंडावरचा नाही. मार्लिन लुआंडावर तर २२ भारतीय होते.

माझं गाळणं चुकलं का? त्याऐवजी एक्लेड हा दुसरा संघर्ष-डेटासेट घ्यावा का? मार्गदर्शक म्हणतात, एकच डेटासेट घ्या आणि त्यावर ठाम राहा. शिवाय गावातल्या खलाशांच्या मुलाखतीही घ्यायच्या आहेत, त्या कशा घ्याव्यात?

उत्तर: आकडेमोड_चिपळूण

गाळणं चुकलंच आहे, पण ते दुरुस्त केलं तरी ही दोन जहाजं येणार नाहीत. जीईडीत नोंद व्हायची पहिली अट आहे मृत्यू. घटनेत किमान एक माणूस दगावलेला हवा, आणि तो संघर्ष वर्षाला २५ मृत्यूंचा उंबरठा कधीतरी ओलांडलेला हवा. गॅलेक्सी लीडर हूथींनी, म्हणजे येमेनमधल्या सशस्त्र बंडखोरांनी, १९ नोव्हेंबर २०२३ला हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं, २५ जणांना जानेवारी २०२५पर्यंत ओलीस ठेवलं, पण ताबा घेताना कोणी मेलं नाही. मार्लिन लुआंडावर २६ जानेवारी २०२४ला क्षेपणास्त्र आदळून आग लागली, आयएनएस विशाखापट्टणमची अग्निशमन तुकडी मदतीला गेली आणि सगळे वाचले. या डेटासेटच्या लेखी दोन्ही दिवशी काही घडलंच नाही. ६ मार्च २०२४ला ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर तीन खलाशी मेले, ती घटना अटीत बसते. म्हणजे खलाशी वाचला की त्याच्यावरचा हल्ला आकडेवारीतून पुसला जातो. तुमच्या प्रबंधाचा खरा मुद्दा मला इथेच दिसतो.

आता गाळण्याची चूक. जीईडीमध्ये व्हेअर-प्रेक नावाचा रकाना आहे, त्यात १ ते ७ आकडे असतात. १ म्हणजे नेमकी जागा, २ म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या आतली, ३ आणि ४ म्हणजे जिल्हा आणि प्रांत, ६ म्हणजे फक्त देश ठाऊक. ७ हा आकडा समुद्रावरच्या आणि आंतरराष्ट्रीय हवाई हद्दीतल्या घटनांसाठी राखलेला आहे. तुम्ही नेमक्या जागेच्याच नोंदी ठेवल्यात, त्यामुळे समुद्र मुळातच बाहेर गेला. ही चूक फार जण करतात, कारण जमिनीवरच्या युद्धाचा अभ्यास करताना हेच गाळणं बरोबर असतं. देशावरूनही शोधू नका, हल्ला करणाऱ्या पक्षावरून शोधा. हूथींना कोणत्या नावाखाली धरलंय ते आधी यूसीडीपीच्या पक्षांच्या यादीत पाहा, बातम्यांतलं नाव तिथे असेलच असं नाही.

एक्लेड घ्या, मात्र वेगळ्या कामासाठी. तिथे मृत्यूची अट नाही, त्यामुळे ड्रोन आदळून नुसता पत्रा फाटला तरी नोंद होऊ शकते. हाणून पाडलेल्या शस्त्रांसाठीही उपप्रकार आहे. येमेनची माहिती २०१५पासून मिळते. नोंदणी करून खातं काढावं लागतं. दोन गोष्टी सांभाळा. तिथल्या जुन्या नोंदीही दर आठवड्याला दुरुस्त होतात, म्हणून फाइल उतरवल्याची तारीख प्रबंधात लिहा आणि मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा. दुसरं, बातमीत मृतांचा आकडा नसेल आणि नुसतं 'अनेक ठार' असेल, तर तिथे नियमानुसार ३ किंवा १० धरतात. यूसीडीपी किमान, सर्वोत्तम आणि कमाल असे तीन अंदाज वेगळे देतो. दोन्हीकडचे मृत्यू एका बेरजेत घालू नका.

मार्गदर्शकांचा सल्ला जगातल्या युद्धांचा कल पाहायचा असेल तर योग्यच आहे. २०२४मध्ये राज्यसंस्था सामील असलेले ६१ संघर्ष होते, १९४६पासूनचा सर्वाधिक आकडा, हे वाक्य एकाच व्याख्येला चिकटून राहिल्यानेच लिहिता येतं. तुमचा प्रश्न जहाजाचा आणि माणसाचा आहे. त्यासाठी स्वतःचा तक्ता बनवावाच लागेल.

एका ओळीत एक हल्ला. रकाने: तारीख आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, अक्षांश-रेखांश, जहाजाचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), नाव, ध्वज, मालकी, चालवणारी कंपनी, कर्मचारी किती व कोणत्या देशांचे, शस्त्र, परिणाम, मृत, बेपत्ता, जखमी, ओलीस, आणि नोंद कुठून घेतली. मृत आणि बेपत्ता हे रकाने वेगळेच हवेत. जून २०२४मध्ये ट्यूटर या जहाजाच्या इंजिनरूममधला एक खलाशी बेपत्ता झाला आणि जहाज बुडालं. अशा वेळी कोण कधी 'मृत' धरतो त्यावर आकडा हलतो.

जहाजाची नावं बदलतात, आयएमओ क्रमांक बदलत नाही. तो सात अंकी असतो आणि शेवटचा अंक तपासणीचा. पहिल्या सहा अंकांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा एकम स्थानचा अंक सातव्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या: ६३+०+३५+१६+२१+४ = १३९, शेवटी ९, बरोबर. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा टाकलंत की टायपिंगच्या बहुतेक चुका लगेच उघड्या पडतात.

एकच हल्ला यूकेएमटीओ (व्यापारी जहाजांना इशारे देणारं ब्रिटिश केंद्र), अमेरिकी लष्कराची मध्य कमान आणि बातम्या अशा तीन ठिकाणांहून तुमच्याकडे येईल. आयएमओ क्रमांक अधिक ४८ तासांची खिडकी लावून दुबार नोंदी शोधा, मात्र हाताने तपासल्याशिवाय पुसू नका. जुलै २०२५मध्ये इटर्निटी सी या जहाजावरचा हल्ला दोन दिवस चालला. तो एक धरायचा की दोन, हा नियम आधी ठरवून लिहून ठेवा.

उत्तर: नकाशा_अलिबाग

वरचं सगळं मान्य, फक्त अक्षांश-रेखांशात मोठी गफलत होते ती सांगतो. सागरी इशाऱ्यांत जागा अंश आणि मिनिटांत देतात. १३ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १३.५०. लोक १३.३० टाइप करतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, म्हणजे ही चूक १२ मैलांची झाली. प्रादेशिक समुद्राची हद्द नेमकी १२ मैलांचीच असल्याने घटना हद्दीच्या आतली बाहेर आणि बाहेरची आत जाते.

याला कायद्यात अर्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कलम १०१नुसार चाचेगिरी म्हणजे हद्दीबाहेरच्या समुद्रात, खासगी फायद्यासाठी, एका जहाजावरून दुसऱ्यावर केलेला हल्ला. हूथींचा हेतू राजकीय, म्हणून त्यांचे हल्ले चाचेगिरीच्या रकान्यात टाकू नका. रुएन या मालवाहू जहाजाचं अपहरण डिसेंबर २०२३चं, सोमाली चाच्यांनी केलेलं. १६ मार्च २०२४ला आयएनएस कोलकाताने ३५ चाचे पकडले आणि १७ खलाशी सोडवले. काळ तोच, समुद्र जवळचा, प्रकार मात्र निराळा.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंशांच्या थरावर बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) मारू नका, आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत बदला. बाब-अल-मंदेबसाठी, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीसाठी, यूटीएम ३८ उत्तर आणि आपल्या कोकण किनाऱ्यासाठी ४३ उत्तर वापरा. वेळही जपा: यूटीसी २०:०० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची दीड. मराठी बातमी आणि इशारा यांच्या तारखा एका दिवसाने हुकतात त्या बहुधा यामुळे.

आणि भाजक, म्हणजे त्या वाटेने एकूण किती जहाजं गेली ते, विसरू नका. हल्ले कमी झाले म्हणजे धोका कमी झाला असं नाही, जहाजंच केप ऑफ गुड होपवरून १० ते १४ दिवसांचा वळसा घालू लागली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पोर्टवॉच संकेतस्थळावर बाब-अल-मंदेबमधून रोज किती जहाजं गेली ते मोफत मिळतं. दर हजार फेऱ्यांमागे हल्ले काढा. ही मोजणी एआयएसवर (जहाजं आपली जागा आपोआप कळवतात त्या यंत्रणेवर) चालते, आणि धोक्याच्या पट्ट्यात काही जहाजं एआयएस बंद ठेवतात, तेव्हा फेऱ्या थोड्या कमी दिसतील हे लिहा.

राज्यशास्त्र_रत्नागिरी

व्हेअर-प्रेकचं आत्ता उमगलं, दोघांचेही आभार. केम प्लुटो या जहाजावरचा हल्ला कुठे बसवू? तो हल्ला तर आपल्याच बाजूच्या समुद्रात झाला.

उत्तर: आकडेमोड_चिपळूण

२३ डिसेंबर २०२३, गुजरात किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैल. ध्वज लायबेरियाचा, मालकी जपानी, जहाज चालवणारी कंपनी नेदरलँड्सची, माल सौदीतून न्यू मंगळूरला, आणि २१ पैकी २० माणसं भारतीय. ध्वजावरून मोजलंत तर यात भारत कुठेच नाही. अमेरिकेने ड्रोन इराणमधून आल्याचं म्हटलं, इराणने नाकारलं. म्हणून 'हल्लेखोर' हा एक रकाना पुरत नाही: कोणी जबाबदारी घेतली, कोणी कोणावर आरोप केला, आरोपी पक्ष काय म्हणाला, असे तीन करा. आणि ही ओळ तांबड्या समुद्राच्या बेरजेत घालू नका, अरबी समुद्र हा प्रदेश वेगळा ठेवा.

उत्तर: दर्यावर्दी_देवगड

मुलाखतींबद्दल. पहिली गोष्ट ओळख लपवण्याची, आणि ती नाव बदलून होत नाही. 'देवगड तालुक्यातला, जानेवारी २०२४मध्ये पेटलेल्या टँकरवरचा थर्ड इंजिनिअर' एवढं लिहिलंत तर अख्खी वाडी त्याला ओळखेल, त्याचा मॅनिंग एजंट, म्हणजे त्याला जहाजावर नोकरी लावणारा, तोही ओळखेल. जहाजाचं नाव आणि हुद्दा एकत्र कधीच लिहू नका. तालुका नको, जिल्हा पुरे. महिन्याऐवजी तिमाही लिहा.

तारखा सीडीसीवरून (खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तिकेवरून) घ्या, साइन-ऑन आणि साइन-ऑफचे, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याचे, शिक्के तिथे असतात. पुस्तिकेचा फोटो काढू नका, नुसत्या तारखा वहीत उतरवा. सामुद्रधुनी कधी पार केली हे मात्र सीडीसी सांगत नाही. ते आठवणीवरून विचारा आणि आधीच्या-नंतरच्या बंदरांशी ताडून पाहा.

'भीती वाटली का' असं विचारलंत तर सगळे 'नाही' म्हणतील. विचारायचं ते असं: त्या पट्ट्यात पहाऱ्याच्या पाळ्या वाढवल्या का, रात्री डेकवरचे दिवे बंद ठेवले का, सिटाडेलमध्ये (हल्ल्यात लपायच्या बंदिस्त खोलीत) किती तास काढले, तिथे पाणी आणि सॅटेलाइट फोन होता का, घरी फोन करता आला का. पगाराचं नेमकं विचारा. आयबीएफच्या, म्हणजे खलाशांच्या संघटना आणि जहाज कंपन्या यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंचाच्या, करारात युद्धसदृश क्षेत्रासाठी मूळ पगाराइतका बोनस आहे, किमान पाच दिवसांचा. मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट. आणि जायला नकार देऊन कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क. हा करार सगळ्या जहाजांना लागू नसतो, म्हणून आधी जहाज त्यात होतं का ते विचारा. बोनस 'बेसिक'वर मिळतो, एकूण पगारावर नाही. 'डबल मिळाला' असं कोणी म्हटलं तर पगाराची स्लिप बघूनच आकडा लिहा. नकाराचा कागद हातात मिळाला का, किती दिवस आधी मिळाला, नकार दिलेल्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांनी मिळालं, हे विचारायला चुकू नका.

माणसं गाठायची तर गणपती आणि शिमगा हे दोन हंगाम. तरी तेव्हा जे बोटीवर असतील ते सुटतातच, त्यांच्या घरच्यांशी वेगळं बोला, खलाशासमोर नको. ओळखीतून ओळख काढत गेलात तर एका वाडीतले बारा जण एकाच एजंटकडून गेलेले निघतात आणि बारा मुलाखतींत तुम्हाला एकाच एजंटची रीत कळते. प्रत्येक मुलाखतीला एजंटचा सांकेतिक क्रमांक द्या, एका क्रमांकाच्या तीनच घ्या, चौथ्यासाठी दुसरं गाव गाठा.