‘दे त्याला’ : या एका वाक्याचं मराठी कसं करावं?

सांजवात
गेल्या रविवारी आईबरोबर ‘लेट हिम हॅव इट’ पाहिला, पीटर मेडाक यांचा १९९१ चा सिनेमा, इंग्लंडमधल्या एका खऱ्या खटल्यावरचा. आईला इंग्रजी संवाद झेपत नाहीत, म्हणून शेजारी बसून मी हळू आवाजात मराठीत सांगत होते. छपरावरचा प्रसंग आला. १९ वर्षांचा डेरेक बेंटली पोलिसासमोर पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या १६ वर्षांच्या ख्रिस क्रेगला ओरडून सांगतो, ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस!’ आईने विचारलं, काय म्हणाला तो? मी बोलून गेले, ‘घाल गोळी त्याला.’

आई म्हणाली, ‘मग चूक त्याचीच की गं.’

पुढचा सगळा सिनेमा तिने त्याच नजरेने पाहिला. डेरेकची आई, बाप, बहीण दाराशी पत्रांची वाट बघतात, तेव्हा माझे डोळे वाहत होते. आई मात्र म्हणाली, ‘पोरगं साधं होतं, पण बोलला ना तसं.’ रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर लक्षात आलं, की त्या कोर्टाने जे केलं तेच मी चार सेकंदांत केलं होतं. दोन अर्थांतला एक निवडला आणि आईच्या हातात ठेवला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

त्याचा एक अर्थ ‘घाल गोळी’ आणि दुसरा ‘देऊन टाक त्याला ते पिस्तूल’. दोन्ही अर्थ उघडे राहतील असं मराठी वाक्य हवंय. आहे का?

पंचगंगा
ताई, आहे की. ‘दे त्याला.’

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात बघा, पैलवानाचं बोट जरा ढिलं पडलं की कडेने आरोळी येते, ‘दे त्याला! दे!’ म्हणजे हाण, आपट. आणि घरी दोन पोरं एका चेंडूवरून भांडत असली की आजी तेच म्हणते, ‘दे त्याला.’ शब्द तेच, सूरही कधीकधी तोच. ‘एक ठेवून दे’, ‘दोन दिल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा काय दिलं ते सांगावं लागत नाही. मराठीत ‘देणे’ला कर्म गाळलं की मार धरला जातो, पण आधी वस्तूची गोष्ट चालली असेल तर वस्तू.

सांजवात
अंगावर काटा आला. मी ‘होऊन जाऊ दे’, ‘सोडू नकोस’, ‘दाखव त्याला’ असं काय काय जुळवत बसले होते. ‘सोडू नकोस’ तर सरळ फासाकडेच नेतं.

ज्यांना हा खटला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. २ नोव्हेंबर १९५२ ची रात्र, दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन. दोघं मुलं एका गोदामाच्या छपरावर चढली, चोरीसाठी. पोलीस आले. फेअरफॅक्स नावाच्या पोलिसाने डेरेकला धरलं, तो सुटला, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार तेव्हा हे वाक्य उच्चारलं गेलं. क्रेगने गोळी झाडली, ती फेअरफॅक्सच्या खांद्याला लागली. जखमी असूनही त्याने डेरेकला पुन्हा धरलं. त्यानंतर सुमारे पाव तासाने सिडनी माइल्स हा पोलीस जिन्याच्या दारातून छपरावर आला आणि क्रेगच्या गोळीने जागीच गेला. तेव्हा डेरेक फेअरफॅक्सजवळच होता, पळाला नव्हता. त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं.

कोर्टात दोन्ही मुलांनी सांगितलं की असं कोणी बोललंच नाही. तरीही ज्युरीने ७५ मिनिटांत दोघांना दोषी ठरवलं. क्रेग १८ च्या आतला, म्हणून त्याला फाशी देता येईना. तो १९६३ मध्ये सुटला. डेरेकसाठी ज्युरीने दयेची शिफारस केली होती, गृहमंत्र्यांनी ती मानली नाही. २८ जानेवारी १९५३ ला सकाळी ९ वाजता वाँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी दिली.

दुभाषी
मी बरीच वर्षं कोर्टात जबाबांची भाषांतरं केली. या खटल्यात शब्दांची आणखी एक गोष्ट आहे, ती इथे यायला हवी.

डेरेकला लिहितावाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्याचा जबाब पोलिसांनी लिहिला. त्याने स्वतः बोलून सांगितलं आणि आम्ही फक्त टिपलं, एकही प्रश्न विचारला नाही, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं. पुढे माल्कम कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञाने तो ५८२ शब्दांचा जबाब तपासला. त्यात ‘मग, त्यानंतर’ या अर्थाचा एकच छोटा शब्द १० वेळा आलेला. त्यातही खटकणारी गोष्ट म्हणजे त्याची जागा. साधा इंग्रज माणूस ‘मग मी’ असं बोलतो. जबाबात मात्र ‘मी मग’ अशी रचना पुन्हा पुन्हा येते, आणि ती धाटणी पोलिसांच्या लेखी जबाबांची.

आपल्याकडे हे पटकन कळेल. गल्लीतला पोरगा सांगेल, ‘मग मी वर गेलो, मग तो आला.’ कागदावर येतं, ‘मी त्यानंतर सदर इमारतीचे गच्चीवर गेलो असता सदर इसम तेथे आला.’ ‘असता’ आणि ‘सदर’ ही त्या पोराची भाषा नव्हे. मी असे शेकडो जबाब पाहिलेत, खाली अंगठा एकाचा आणि वाक्यं दुसऱ्याची. पोलिसांपुढची कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामागे मुख्यतः मारझोड करून कबुली घेतली जाण्याची भीती आहे.

मोडीवाचक
‘ध’ चा ‘मा’ कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. १७७३, शनिवारवाडा. नारायणरावास ‘धरावे’ असं पत्र होतं, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास म्हणून ती आख्यायिका धरा, पण भाषेला ती किती खोल लागलीय बघा, आजही वाक्प्रचार जिवंत आहे. फरक एवढाच, की तिथे अक्षर बदललं. क्रॉयडनच्या वाक्यात एक अक्षरही न बदलता माणूस मेला.

एक पुरवणी. ‘फाशी गेला’ आणि ‘फाशी दिली’ यांत गल्लत नको. ‘फासावर गेले’ आपण क्रांतिकारकांसाठी म्हणतो, त्यात जाणाऱ्याची इच्छा आणि मान आहे. डेरेक गेला नाही, त्याला नेलं. वर ‘फाशी दिली’ लिहिलंय ते बरोबर.

पंचगंगा
‘फाशी देणे’मध्येही ‘देणे’च आलं की.

सांजवात
हो. ते वाचून मी मघापासून नुसती बसून आहे.

डेरेकची बहीण आयरिस हयातभर लढली. १९९३ मध्ये अर्धवट माफी मिळाली, म्हणजे फाशी द्यायला नको होती, पण गुन्हा कायम. आयरिस १९९७ मध्ये गेली. ३० जुलै १९९८ ला अपील कोर्टाने दोषसिद्धीच रद्द केली. मूळ खटल्याचे न्यायाधीश गोडार्ड यांनी ज्युरीपुढे केलेलं समारोपाचं भाषण इतकं एकतर्फी होतं, की मुलाला न्याय्य सुनावणी मिळालीच नाही, हे मुख्य कारण. इथे ‘माफी’ आणि ‘दोषमुक्ती’ हे शब्द वर्तमानपत्रं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते फार खटकतं. माफी गुन्हेगाराला असते. आयरिस अर्धवट माफीवर थांबली नाही. त्या दोन शब्दांमध्ये पाच वर्षं होती, आणि त्यातच तिचं आयुष्य संपलं.

काल संध्याकाळी आईला तो प्रसंग परत लावून दाखवला. या वेळी मी म्हटलं, ‘तो म्हणतोय, दे त्याला, ख्रिस.’

आई पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, ‘काय दे? पिस्तूल?’