मदत हवी आहे: गेमिंग संगणकाचे सुटे भाग निवडताना

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये मुलासाठी गेमिंग संगणक जोडून घ्यायचा असून रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर मी जवळजवळ नक्की केला आहे. मात्र त्याचे एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) केवळ डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम स्वीकारते, त्यामुळे जुन्या संगणकातून काढून, पुसून डब्यात जपून ठेवलेल्या डीडीआर४च्या दोन पट्ट्या वाया जातील. दुकानदाराने एएम४ या जुन्या, डीडीआर४ चालणाऱ्या सॉकेटवरील रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर सुचवला, पण आता तो घेणे म्हणजे पुढे बदलाला फारसा वाव न ठेवणे होय.

खरा पेच ग्राफिक्स कार्डाचा आहे. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबीचे घ्यावे की १६ जीबीचे, कारण मेमरी बस (कार्डाच्या मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा मार्ग) दोन्हींत १२८ बिटचीच आहे? शिवाय मे महिन्यात आमची गच्चीखालची खोली भट्टीसारखी तापते. तेथे ६५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल का, हे अनुभवींनी कृपया सांगावे.