वकिलांच्या फर्मकडून लोनची नोटीस आलीय, सेटलमेंटचं बोलणं कसं करायचं?

फोंडेकरीण

नमस्कार. पहिल्यांदाच इथं लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही फोंड्याजवळ राहतो. मिस्टर दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे, गेल्या पावसात फर्मागुडीच्या उतारावर अपघात झाला, पायात रॉड घातला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) दोन ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून घरीच आहेत. त्यांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं ४ लाखांचं पर्सनल लोन होतं, २०२२ साली घराच्या छपरासाठी घेतलेलं. हप्ते नीट जात होते पण आता आठ महिने एकही गेला नाही. मुद्दल २ लाख ३८ हजार राहिलंय असं जुन्या स्टेटमेंटवर दिसतं. आता चेन्नईच्या कुठल्या तरी वकिलांच्या फर्मची नोटीस आलीय, त्यात ३ लाख ७१ हजार मागितलेत आणि सात दिवसांत भरा नाहीतर आर्बिट्रेशन (म्हणजे लवादाकडे केस) असं लिहिलंय.

त्याच फर्मकडून रोज फोन येतात. सकाळी साडेसातलापण आलाय. एक माणूस म्हणतो आज सहाच्या आत १ लाख ७५ हजार भरा, सगळं मिटवतो, नाहीतर फोंडा पोलीस घरी येतील. दुसरा म्हणतो १० हजार टोकन टाका, मग लेटर पाठवतो, आणि एका माणसाच्या नावाचा यूपीआय पाठवलाय. माझ्या जावेलापण फोन केला, शेजारच्यांनापण. घरात तोंड वर करून बसायची सोय राहिली नाही. सासूबाईंनी दोन दिवस जेवण सोडलंय.

शिवाय एका बँकेच्या क्रेडिट कार्डचे साधारण १ लाख आहेत, ते वेगळे.

माझा भाऊ १ लाख २० हजारपर्यंत मदत करतो म्हणतोय. माझं थोडं सोनं आहे ते विकू का? लोन घेताना कंपनीने सह्या केलेले दोन कोरे चेकपण घेतलेत. आणि मी सही केलेली नाही कुठेच, तरी माझ्यावर येतं का? कोणी असं मिटवलं असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

---

रिकव्हरीत_सहा_वर्षं

ताई, आधी एक करा, आज सहापर्यंत काहीच भरू नका. मी या धंद्यात सहा वर्षं होतो, आता सोडलंय, म्हणून आतून सांगतो. तुम्हाला फोन करणारा वकील नाही, फर्मने कॉलिंगला बसवलेला मुलगा आहे, त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि आज सहाची जी मुदत आहे ती त्याची स्वतःची आहे, कंपनीची नाही. उद्यापण तीच ऑफर असते, बऱ्याचदा थोडी कमीच. किती सोडायचं हे फर्म ठरवत नाही, कंपनी ठरवते, लोन किती जुनं थकलंय, तारण आहे की नाही, माणसाची कमाई काय आहे हे बघून. फर्म फक्त मंजुरीसाठी वर पाठवते. म्हणून तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. तुमचं सगळं बोलणं ईमेलवर आणा, आणि फर्मसोबत फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागालापण तोच मेल सीसी करा.

मेलमध्ये पहिलं मागायचं ते लोनचं पूर्ण स्टेटमेंट. ३ लाख ७१ हजारांत मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, बाऊन्स चार्ज किती, वकिलाची फी किती, सुटंसुटं. आणि फर्मला कंपनीने नेमल्याचं पत्र. लोन दुसऱ्या कंपनीला विकलेलं असेल तर त्याचाही कागद, कारण विकल्यानंतर जुन्या कंपनीला पैसे भरून लोक फसलेले मी पाहिलेत. पर्सनल लोनवर दंड लावताना त्या दंडावर परत व्याज चढवायचं नाही असं आरबीआयने २०२३ साली सांगितलंय, कार्डला तो नियम लागू नाही पण तुमच्या लोनला आहे, तेव्हा स्टेटमेंट आलं की ते बघा.

मग बोलणी. ते ३ लाख ७१ हजारांवरून खाली यायला बघतील आणि निम्म्याहून जास्त सोडलं म्हणतील. तुम्ही २ लाख ३८ हजारांवरून बोला, मुद्दलावरून. एकरकमी देणार असाल तरच चांगली सूट मिळते, हप्त्यांत मागितलं की सूट कमी होते आणि एक हप्ता चुकला तर सेटलमेंट रद्द. भावाचे १ लाख २० हजार आहेत हे पहिल्या मेलमध्ये सांगू नका, ९० हजारांपासून सुरू करा. पण खोटं काही लिहू नका, गोमेकॉचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, मिस्टर कामावर नाहीत याचा पुरावा जोडा, हे कागद वरच्या माणसाच्या टेबलावर गेले की फरक पडतो, मी स्वतः अशा फाइली पाठवल्यात. बोलणं महिन्याच्या २५ तारखेनंतर तापतं, आणि मार्च अखेर असेल तर अजून.

सोनं अजिबात विकू नका. सोनं आहे, शेतजमीन आहे असं फोनवर बोलूसुद्धा नका.

---

डिचोलीकार

बाय, माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा माझा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या दुरुस्तीसाठी घेतलेलं पर्सनल लोन थकलं. अशाच फर्मवाल्याने १५ हजार टोकन मागितले, म्हणाला संध्याकाळपर्यंत लेटर येतं. मी भरले. लेटर आलंच नाही, दुसऱ्या महिन्यात दुसरा माणूस फोन करू लागला आणि तो म्हणे असं काही रेकॉर्डवर नाहीच, आणि वर ते १५ हजार दंडात गेले, मुद्दलात नाही. एवढा त्रास झाला की बायकोशी आठ दिवस धड बोललो नाही, तिची काय चूक.

म्हणून, आधी लेटर, मग पैसा. लेटर कंपनीच्या लेटरहेडवर आणि कंपनीच्या ऑफिशियल मेलवरून आलेलं पाहिजे, फर्मच्या जीमेलवरून आलेलं चालत नाही. त्यात लोन अकाउंट नंबर, सेटलमेंटची रक्कम, शेवटची तारीख, हे भरल्यावर काही बाकी नाही असं स्पष्ट वाक्य, चेक परत देणार आणि केस असेल तर मागे घेणार, हे सगळं आहे का बघ. आल्यावर कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन लावून नंबर जुळवून बघ, त्यांनी दिलेल्या नंबरवर नको, वेबसाइटवरच्या नंबरवर. पैसे लोन अकाउंटमध्ये किंवा कंपनीच्या नावाच्या डीडीने. कुणा माणसाच्या यूपीआयवर एक रुपया नको.

दुसऱ्या वेळी असंच केलं आणि १ लाख ९० हजार मुद्दल होतं ते १ लाख २० हजारांवर मिटलं, तीन महिने लागले.

---

मेरशी_कोर्ट

मी वकिली करते, मेरशीला आणि कधी फोंड्याला असते. कागद न बघता पक्कं सांगू शकत नाही पण काही गोष्टी तुमच्या मनातून आधी काढते.

पोलीस येत नाहीत. बिनतारणी लोन थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. घरावर टाच आणायची तर आधी कोर्टाचा हुकूमनामा किंवा आर्बिट्रेशनचा अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निवाडा, लागतो आणि मग त्याची अंमलबजावणी, हे सात दिवसांत होत नाही. पगार असता तरी सगळा जप्त होत नाही, पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली सुरक्षित असतो, पीएफला हात लावता येत नाही.

पण एका ठिकाणी खरंच सावध राहा. ते कोरे चेक. कंपनीने चेक भरला आणि बाऊन्स झाला तर कलम १३८ ची नोटीस येते, चेक नंबर आणि तारीख टाकून. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढे एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता (ईसीएस किंवा एनएसीएच) बाऊन्स झाला तरीपण २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली असंच होतं. म्हणून आलेली नोटीस नेमकी कुठली आहे ते आधी वाचा. १३८ असेल तर त्याच दिवशी वकील गाठा, मेलामेलीत दिवस घालवू नका. तुम्ही सांगता त्यावरून ही लोन रिकॉलची, म्हणजे सगळं लोन एकदम परत मागणारी, वाटते.

आर्बिट्रेशनची नोटीस फेकून देऊ नका. लोक नेमकं हेच करतात आणि मग एकतर्फी अवॉर्ड घरी येतो. कंपनीने स्वतःच एकटीने नेमलेला आर्बिट्रेटर चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन केसमध्ये म्हटलंय, तेव्हा आम्हाला हा आर्बिट्रेटर मान्य नाही असं लेखी कळवा, पोचपावती ठेवा, आणि संमतीच्या कुठल्याही कागदावर मिस्टरांनी सही करू नये. अवॉर्ड आलाच तर आव्हान द्यायला मिळाल्यापासून तीन महिने असतात.

तुमच्याबद्दल. तुम्ही को-अप्लिकंट नाही, गॅरंटर नाही, तर कर्जदार तुम्ही नाही. पण आपलं गोव्याचं वेगळं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, दोघांचा अर्धा अर्धा वाटा, आणि घर किंवा जमीन विकायची तर दोघांची सही लागते. बाहेरच्या फर्मना हे बहुतेक माहीत नसतं आणि ते सेटलमेंटच्या कागदावर बायकोची सही पण घ्या म्हणतात. तुम्ही सही करू नका, मला किंवा इथल्या कुठल्याही वकिलाला दाखवल्याशिवाय अजिबात नको.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करूनपण विचारता येतं. तिथून केस लोक अदालतमध्ये ठेवता येते, कोर्टात जायच्या आधीसुद्धा. फायदा असा की कोर्ट फी नाही आणि समोर कंपनीचा अधिकारी येतो, कॉलिंगवाला नाही. पण तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही, त्यामुळे झेपणार नाही असा हप्ता तिथे कबूल केला तर ते थेट वसुलीला जाऊ शकतात. खूप जण भिडेला पडून हो म्हणतात.

---

फोंडेकरीण

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू. नोटीस परत वाचली, १३८ नाहीये, चेक नंबर कुठे नाही, रिकॉल आणि आर्बिट्रेशनच आहे. फोनचं काय करू? आज परत जावेला फोन गेला, ती बिचारी रडकुंडीला आली.

---

रिकव्हरीत_सहा_वर्षं

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं आरबीआयने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, फायनान्स कंपन्यांनापण, आणि घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास देऊन अब्रू काढणंही बसत नाही. एजंट कोणीही असो, जबाबदारी कंपनीची. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, जावेच्या फोनचे पण, तारीख वेळ टाकून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा गोल गोल उत्तर आलं तर आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर (तक्रारींची वेबसाइट) लोकपालकडे तक्रार, पैसे लागत नाहीत. मी नोकरीत असताना अशी एक तक्रार आली की त्या नंबरवरचे फोन दुसऱ्या दिवशी बंद व्हायचे. तक्रार आणि सेटलमेंटचा मेल वेगवेगळे ठेवा, एकात मिसळले तर दोन्ही लटकतात.

---

डिचोलीकार

जावेला सांग, म्हणावं मी कर्जदार नाही, लेखी पाठवा, आणि फोन ठेव. एवढंच. वाद घालायचा नाही. आणि सासूबाईंना कोणीतरी बसून समजाव की पोलीस येत नाहीत, माझ्या आईने त्या वेळी असंच अन्न सोडलेलं.

---

फोंडेकरीण

सात आठवड्यांनी लिहितेय. आधी सांगायला हवं होतं पण धावपळ होती.

स्टेटमेंट मागितलं तर फर्मने तीन वेळा टाळलं, कंपनीला तक्रार गेल्यावर चौथ्या दिवशी आलं. त्यात ४१ हजार निव्वळ दंड आणि बाऊन्स चार्ज, आणि दंडावर व्याज लावलेलं दिसत होतं, ते दाखवून मेल केला. ९० हजारांपासून सुरुवात केली. ते १ लाख ७५ वरून दीडवर आले आणि तिथेच दोन आठवडे अडून बसले. मी दर चार दिवसांनी तोच मेल डिस्चार्ज कार्ड जोडून पाठवत राहिले, फोनवर काही बोललेच नाही. २८ तारखेला फर्मच्या खऱ्या वकिलाचा फोन आला, नीट बोलला माणूस, १ लाख ३५ हजारांवर मंजुरी आणतो म्हणाला. मी म्हटलं लेटर दाखवा. दोन दिवसांनी कंपनीच्या मेलवरून लेटर आलं, कस्टमर केअरकडून खातरजमा केली. विधी सेवातल्या वकीलबाईंनी वाचून एक वाक्य घालायला लावलं, दोन्ही चेक परत देण्याचं, ते आधी नव्हतं. माझी सही मागितली होती, ती पण काढायला लावली.

भावाचे १ लाख २० हजार आणि भिशीचे १५ हजार. सोनं तसंच आहे. एनओसी (काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र) १७ दिवसांनी आली, एक चेक मिळाला, दुसरा हरवला म्हणतात, तसं त्यांच्याकडून लेखी घेतलंय आणि बँकेत त्या चेकला स्टॉप पेमेंट दिलंय. सिबिलवर (कर्जाच्या रेकॉर्डच्या रिपोर्टवर) सेटल्ड, म्हणजे कमी पैशांत मिटवलं असं, दाखवणार हे माहीत आहे, वकीलबाई म्हणाल्या पुढे कधी जमलं तर फरक भरून क्लोज्ड करून घेता येतं, आत्ता त्याचा विचार नको. वर्षाला एकदा रिपोर्ट फुकट मिळतो तो काढून बघणार आहे.

मिस्टर आता काठी घेऊन अंगणात फिरतात. सासूबाई जेवतात.

कार्डच्या बँकेला आज पहिला मेल पाठवला, स्टेटमेंट मागितलंय. त्यांचे वकील दिल्लीचे आहेत. देव बरें करूं सगळ्यांचं.