लाकडातल्या नक्षीकामासाठी पुस्तक घ्यावं की मासिक? (मदत हवी आहे)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

प्रश्न छोटाच आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

मी कोल्हापूरची, वय ५६. तीन वर्षांपूर्वी माळा आवरताना सासऱ्यांची हत्यारांची पेटी खाली काढली. ते पेशानं कारकून, पण हात सुताराचा. पेटीत एक रंधा, तीन पटाशा, गुण्या आणि फ्रेटवर्कची, म्हणजे लाकडात जाळीची नक्षी कापायची, हातकरवत निघाली. त्या करवतीनं मला नादाला लावलं. गेल्या दिवाळीत टेबलावर ठेवायचा १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक पात्याची, वळणं कापणारी विजेची करवत) घेतला. आजवरची कमाई म्हणजे किल्ल्या अडकवायच्या दोन पट्ट्या, एक मोबाईल स्टँड आणि नातीसाठी हत्ती. हत्तीची सोंड दोनदा मोडली. आता तो बिनसोंडेचाच आहे आणि नात त्याला पाणघोडा म्हणते.

खरी इच्छा आहे गौरी-गणपतीसाठी घडीचं मखर करायची. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी पुठ्ठा नाहीतर साडी लावून वेळ मारून नेतात. प्लायच्या जाळीचं एकदाच केलं की वर्षानुवर्षं पुरेल.

तर वर्षाला ३००० रुपये बाजूला काढलेत. एका परदेशी त्रैमासिकाची डिजिटल वर्गणी भरू, की नक्षीची दोन पुस्तकं घेऊ? मासिकाचा नमुना अंक पाहिला. फोटो सुरेख, पण नक्षी बघावी तर गरुड, सांताक्लॉज आणि हरणं. पुस्तकात साठ-सत्तर नक्ष्या, पण सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या. पाच बघितल्या की उरलेल्या काय असतील ते कळतं. इंग्रजी वाचायला अडचण नाही. जाणकारांनी सांगावं.

उद्यमनगरी

ताई, लेझरवाल्याकडं फाईल द्या की. दहा मिन्टांत जाळी हातात. कशाला भुसा खाताय?

रंकाळाकाठ

मग मी काय करू दादा, नुसती बघत बसू?

उद्यमनगरी

ते बी खरं हाय म्हणा.

जुना_रंधा

मॅडम, आधी हत्तीचं बघू. सोंडेच्या निमुळत्या भागात लाकडाची रेषा आडवी गेली असणार. दोन्ही वेळा तिथंच मोडली ना? लाकूड रेषेच्या दिशेनं मजबूत आणि आडवं ठिसूळ असतं. नक्षीचा कागद लाकडावर चिकटवताना तो असा फिरवायचा की सगळ्यात बारीक भाग रेषेबरोबर जाईल. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यानं हा त्रास कमी होतो.

ही गोष्ट मासिक तुम्हाला सांगणार नाही. म्हणजे एखाद्या अंकात सांगून गेलेलं असेल, पण तो अंक नेमका तुमच्याकडे नसेल. माझं मत सरळ आहे: पहिलं पुस्तक तंत्राचं घ्या, नक्षीचं नव्हे. पातं कसं ताणायचं, दात खाली बघतात की वर, आतली भोकं आधी कापायची की बाहेरची कड, हे ओळीनं एका जागी मिळालं पाहिजे. (दात खाली. भोकं आधी, कड शेवटी. नाहीतर हातात धरायला काही उरत नाही.) मी आयटीआयमध्ये २६ वर्षं सुतारकाम शिकवलं. पोरं नक्षीला भुलायची आणि पातं उलटं लावायची.

दुसरं, अमेरिकन आराखड्यात ‘१ × ४’ लिहिलेलं दिसलं तर एक इंच जाड, चार इंच रुंद फळी मागायला जाऊ नका. ते नुसतं नाव आहे. रंधून झाल्यावर ती फळी पाऊण इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. आपल्याकडे वखारीत तुम्ही मागाल तेवढं कापून मिळतं, त्यामुळे यादी जशीच्या तशी नेली तर पैसेही जास्त जातात आणि मापंही जुळत नाहीत.

मात्र त्यांचे इंच आपल्या मिस्त्रीला पटकन समजतात. इंचाचे आठ भाग म्हणजे सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, बोलून मोकळं. मिलिमीटरमधल्या पुस्तकाला माझा मिस्त्री अजून नाक मुरडतो.

ओहायोकर

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या इकडे. अकरा वर्षं एका त्रैमासिकाचा वर्गणीदार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. अंक साधारण चाळीस. त्यातून प्रत्यक्ष कापलेल्या नक्ष्या नऊ. ऐकायला वाईट वाटतं, पण मासिक मी नक्षीसाठी घेतच नाही. चूक कुठे होते याचे फोटो आणि वाचकांची पत्रं यांसाठी घेतो. कागदाखाली मास्किंग टेप लावली की नक्षी सोलताना लाकूड उकलत नाही, हे मला एका पत्रातून कळलं. मागच्या अंकातली चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते, हाही फायदा. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते.

डिजिटल घेणार असाल तर छपाई सांभाळा. त्यांची पानं लेटर आकाराची, २१६ × २७९ मिमी. आपलं ए-४ म्हणजे २१० × २९७. प्रिंटरनं ‘पानात बसव’ केलं की नक्षी साधारण ९७ टक्के होते. भिंतीवरच्या चित्राला काही बिघडत नाही, पण एकात एक अडकणाऱ्या भागांच्या खाचा चुकतात. प्रत्यक्ष आकारात छापा आणि त्याच पानावर एक इंचाचा चौकोन काढून पट्टीनं मोजा. २५.४ मिमी भरला पाहिजे.

आणि छपाई बरोबर आली तरी त्यांची खाच पाव इंची प्लायसाठी असते, म्हणजे ६.३५ मिमी. आपल्याकडचा ६ मिमीचा प्लाय त्यात खुळखुळेल. घडीच्या मखरात हे नक्की आडवं येणार. खाच आपल्या प्लायचा तुकडा धरून आखा, छापील रेषेवर जाऊ नका.

विकायला करणार असाल तर पहिल्या पानावरची परवानगीची अट वाचा. घरापुरतं असेल तर प्रश्न नाही.

कागदवेडी

मला वाटतं तुमचा प्रश्न पुस्तक की मासिक हा नाहीच. तुम्हाला हवी ती नक्षी दोन्हींत नाही. गौरीच्या मागे सांताची हरणं कापणार आहात का?

मासिकाबरोबर नक्षी ही प्रथा जुनी आहे. इंग्लंडात १८९५ साली सुरू झालेल्या ‘हॉबीज’ साप्ताहिकाबरोबर फ्रेटवर्कच्या नक्षीचा कागद फुकट यायचा. तुमच्या सासऱ्यांच्या पेटीतल्या हातकरवतीचा शौक त्या काळाशी नातं सांगतो. फुकटच चाळायचं असेल तर ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’चे जुने अंक गूगल बुक्सवर आहेत. आणि पुस्तक विकत घेण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, छंद आणि हस्तकलेच्या कपाटात काय निघेल सांगता येत नाही. एक मात्र बघून घ्या: मागची नक्षीची पानं जागेवर आहेत का. ती आधीच्या वाचकानं फाडून नेलेली असतात, हा अनुभव आहे.

नक्षी घरातच आहे. कोल्हापुरी साज काढा आणि पानं बघा: चंद्र, शंख, कमळ, मासा, कासव, बेलपान, भुंगा. सोनारानं पिढ्यान्‌पिढ्या घासून सोपे केलेले आकार आहेत. फोटो काढा, झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून घ्या. ए-४ वरून ए-३ म्हणजे १४१ टक्के.

रंकाळाकाठ

कागदवेडी, साजाचं डोक्यातच आलं नव्हतं! सासूबाईंचा साज बँकेतून काढावा लागेल, तेवढंच निमित्त.

पण एक अडलं. मध्यंतरी ठिपक्यांची रांगोळी कापून बघितली होती. मधलं फूल सुटून खालीच पडलं. साजाच्या पानांचंही तसंच होणार ना?

कागदवेडी

होणार. रांगोळीतली रेघ जमिनीला चिकटलेली असते, जाळीत तिला धरायला कोणी नाही. कापलेल्या रेषेनं चारी बाजूंनी वेढलेलं प्रत्येक बेट गळून पडतं. म्हणून प्रत्येक बेटाला शेजाऱ्याशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. एक युक्ती सांगते. नक्षी काळ्या कागदातून कात्रीनं कापून बघा. कागद एका तुकड्यात उचलला गेला तर लाकूडही जाईल.

पूल दिसायला नकोत अशी हौस असेल तर ते नक्षीतच लपवा. माशाची शेपूट कमळाला टेकवा, वेलीचं टोक चौकटीला. वाड्यांच्या दारांवरच्या जुन्या गणेशपट्ट्या नीट बघितल्यात तर कळेल, तिथं मोकळं लोंबणारं पान जवळपास नसतंच.

जुना_रंधा

बरोबर. ६ मिमीच्या प्लायमध्ये पूल ३ मिमीच्या खाली नेऊ नका, नवशिक्याला ५ बरा. आणि प्लाय बघून घ्या. स्वस्तातल्या प्लायमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात. वरून गुळगुळीत दिसतो आणि नेमका पुलाखाली पोकळ निघतो. दुकानात कड बघायची, उजेडाकडे धरून.

उद्यमनगरी

ताई, लेझरचं सोडलं, आता कामाचं बोलतो. तुमचं मशीन १६ इंची म्हंजे पात्यापासनं मागच्या खांबापर्यंत १६ इंच. मखराची कमान तीन फुटी धरली तर ती एका तुकड्यात फिरायची न्हाई, मागं अडकंल. पाच तुकडं करा. दोन खांब, दोन खांदं, मधी कळस. खांब आन् खांदं जोडीनं हायेत, तर दोन प्लाय एकावर एक टेपनं बांधून एकदमच कापा, डावं-उजवं तंतोतंत येतं. बिजागऱ्या पितळी लावा, लोखंडी पावसात गंजून प्लायवर डाग पडत्यात.

आन् वर्गणी-बिर्गणी काय भरू नका. त्या पैशात पात्यांची दोन पाकिटं जास्त घ्या. पाती लय मोडत्यात.

ओहायोकर

मासिकाचा पक्ष मांडून मी एकटाच पडलो. तरीही सुचवतो: वर्गणीऐवजी सुटे जुने अंक डिजिटलमध्ये घ्या. अनुक्रमणिका आधी बघता येते. मोठी जाळी तुकड्यांत जोडण्यावर लेख असेल तोच अंक घ्या, बाकी सोडा.

रंकाळाकाठ (महिन्यानंतर)

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते, कारण धागे अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मलाच राग येतो.

तंत्राचं एक पुस्तक घेतलं. एका ऑनलाइन विक्रेत्यानं आधी त्याच मुखपृष्ठाची झेरॉक्स प्रत पाठवली, नक्षी सगळी तिरकी. ती परत करून खरी प्रत मिळवण्यात बारा दिवस गेले. सुटे जुने अंक दोन घेतले. वर्गणी भरली नाही. वाचन मंदिरात अजून गेले नाही, त्याबद्दल कागदवेडीची माफी. उरलेल्या पैशांची पाती आली. दादांचं खरं, पहिल्याच आठवड्यात सात मोडली.

साज घरी आला. शंख, बेलपान आणि मासा झाले. माशाची शेपूट खांबाच्या वेलीला टेकवली आहे, पूल ओळखूच येत नाही. भुंग्याचे पाय तीनदा तुटले, म्हणून तो आता पंख मिटून बसलाय. दोन्ही खांब एकदम कापले आणि डावा-उजवा खरंच जुळला. कळस बाकी आहे. हत्तीला नवी सोंड बसवली, पण नात अजून पाणघोडाच म्हणते.

उद्यमनगरी

फोटू टाका की ताई!

रंकाळाकाठ

टाकते हो. लाखेचं पॉलिश लावलंय आणि पाऊस काही उघडत नाही. दमट हवेनं खांबांवर पांढुरकी झाक आली आहे. ऊन पडलं की पुन्हा एक हात मारेन, मग फोटो.