सल्ला हवा: एमआरआयमध्ये अरॅक्नॉइड सिस्ट निघाली, आता पुढे काय?

रानवारा:
माझ्या भाचीचं वय १४. अधूनमधून डोकं दुखायचं म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: डाव्या मिडल क्रेनियल फॉसात अरॅक्नॉइड सिस्ट, गॅलासी टाइप १, मास इफेक्ट (म्हणजे मेंदूवर दाब) नाही. डॉक्टर म्हणाले, 'योगायोगाने सापडली आहे, काळजी करू नका.' पण घरात 'डोक्यात गाठ' एवढंच सगळ्यांच्या कानावर पडलंय आणि ताईला झोप नाही. सेकंड ओपिनियन घ्यावं का, आणि कोणाकडे? पुन्हा एमआरआय लागेल का? ती फुटबॉल खेळते, ते बंद करायचं का?

मधुरा_के:
माझ्या सासूबाईंना उतारवयात अशीच निघाली होती. जन्मापासून असणार म्हणे. काहीही केलं नाही, ठणठणीत आहेत.

काळापांढरा:
मी रेडिऑलॉजीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रुग्ण मी पाहिलेला नाही, हे धरून वाचा.

'गाठ' हा शब्द आधी घरातून हद्दपार करा. मेंदूभोवती तीन आवरणं असतात, त्यातलं मधलं अरॅक्नॉइड. गर्भात वाढ होताना हा पदर दुभंगतो आणि मधल्या पोकळीत मेंदूभोवतीचंच पाणी, म्हणजे सीएसएफ साठतं. सूक्ष्मदर्शकाखाली सिस्टच्या कडेला हा पदर दोन भागांत फाटलेला दिसतो, भिंतीत कोलॅजन जास्त असतं. कॅन्सरच्या पेशी नसतात, पुढेही ती कॅन्सर होत नाही. अशी सिस्ट शंभरातल्या एखाद-दुसऱ्या प्रौढात सापडते, आणि निम्म्याच्या आसपास तुमच्या भाचीच्याच जागी, म्हणजे कानशिलाच्या आत असतात. डावी बाजू जास्त.

टाइप १ म्हणजे सर्वांत लहान. गॅलासींनी १९८२मध्ये केलेल्या वर्गवारीत टाइप ३ मोठी असते आणि मेंदूला बाजूला सारते.

आता फिल्म. एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात, त्यांना सीक्वेन्स म्हणतात: टी१, टी२, फ्लेअर, डिफ्यूजन. टी१वर सिस्ट काळी, टी२वर पांढरी. हे पुरेसं नाही, कारण एपिडर्मॉइड नावाची वेगळी सिस्टही या दोन्हींवर जवळपास अशीच दिसते. खरा निकाल फ्लेअर आणि डिफ्यूजनवर लागतो. फ्लेअरमध्ये साध्या पाण्याचा सिग्नल दाबला जातो, म्हणून अरॅक्नॉइड सिस्ट पुन्हा काळी पडते. एपिडर्मॉइड पूर्ण काळी पडत नाही आणि डिफ्यूजनवर लख्ख चमकते. शिवाय ती रक्तवाहिन्यांना वेढून घेते, अरॅक्नॉइड त्यांना फक्त सरकवते. रिपोर्टमध्ये या दोन सीक्वेन्सचा उल्लेख नसेल तर रेडिऑलॉजिस्टला फोन करून विचारा, संकोच कशाला! 'हाड पातळ झालंय' असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, ती जुनेपणाची खूण आहे.

रानवारा:
मनापासून आभार. रिपोर्टमध्ये फ्लेअर आहे, डिफ्यूजनचं काहीच नाही. विचारते. पण डोकेदुखी याचीच का?

काळापांढरा:
बहुधा नाही. लहान सिस्ट आणि डोकेदुखी दोन्ही सर्रास आढळतात, त्यामुळे एकाच माणसात दोन्ही सापडणं साहजिक आहे. मायग्रेनचा विचार आधी व्हायला हवा. मात्र नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. डोक्यातला दाब वाढला तर बहुतेक वेळा डोळ्याच्या नसेला सूज येते, ती तिथे दिसते.

दोन_घडीचा_डाव:
दुसरी बाजूही सांगते, घाबरवायला नाही. माझ्या मुलाची सिस्ट मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या वर होती. पाणी वाहायची वाट अडून हायड्रोसेफॅलस झाला, म्हणजे मेंदूत पाणी साठलं. दुर्बिणीने सिस्टला भोक पाडून ती मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला जोडली. आता बरा आहे. आमच्या सर्जननी तेव्हा सांगितलं होतं की निर्णय आकारावर नाही, जागेवर आणि दाबावर होतो. तुमच्या रिपोर्टमध्ये मास इफेक्ट नाही, हे मोठं. आधी न्यूरॉलॉजिस्ट डोकेदुखीसाठी, आणि शंका राहिलीच तर मुलांचे न्यूरोसर्जन, तेही एकदाच. चार जणांकडे फिरलात तर चार मतं घेऊन घरी याल.

मधुरा_के:
फुटबॉलचं काय मग?

काळापांढरा:
मार लागून सिस्ट फुटणं किंवा आजूबाजूला रक्त साठणं होऊ शकतं, पण क्वचित. बहुतेक डॉक्टर खेळ बंद करायला सांगत नाहीत. हेडिंगबद्दल, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबद्दल, सर्जनना स्पष्ट विचारा. डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली, तर सरळ इमर्जन्सी गाठा. दिवस उलटून ही लक्षणं दिसली तरीही. आणि तिथे सिस्ट असल्याचं आधी सांगा.

पुन्हा एमआरआयचं म्हणाल तर, वाढ झालीच तर ती बहुतेक अगदी लहान वयात होते. चौदाव्या वर्षी, लक्षणं नसताना, दर सहा महिन्यांनी स्कॅन काढण्यात मला अर्थ दिसत नाही. एकदा तुलनेसाठी काढायचा का, ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. जुनी सीडी मात्र जपून ठेवा, नुसता कागद नको.

रानवारा:
रेडिऑलॉजिस्टशी बोलले. डिफ्यूजन काढलं होतं, लिहायचं राहिलं होतं. त्यावर चमक नाही. सुधारित रिपोर्ट पाठवतायत. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली.