सात जणांच्या ऑफिसला गिट कशाला? सबव्हर्जन का नको?

कुपवाडकर

कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनशॉपचं डिझाईन ऑफिस मी बघतो. आम्ही सात जण. गेल्या वर्षी सगळ्या पीसींवर उबुंटू टाकलं आणि एका जुन्या पीसीवर डेबियन टाकून त्याचा सर्व्हर केला. ते छान चाललंय. आता फाइलींच्या आवृत्त्यांचा प्रश्न सोडवायचा आहे. आजवरचा कारभार असा, की फोल्डरमध्ये 'ब्रॅकेट_फायनल', 'ब्रॅकेट_फायनल_नवा' आणि 'ब्रॅकेट_फायनल_साहेबांनी_पाहिलेला' अशा तीन फाइली, आणि खरी कोणती ते ज्याने केली त्यालाच ठाऊक. मागच्या महिन्यात जुन्या फाइलीवरून चाळीस नग गेले. भोक आठचं हवं होतं, पडलं साडेआठचं. सगळा माल भंगारात.

फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या आणि बदलांचा इतिहास सांभाळणारी गिट आणि सबव्हर्जन ही दोन सॉफ्टवेअर आहेत. ज्याला विचारावं तो 'गिट' म्हणतो. का, ते कुणी सांगत नाही. मी दोन महिने दोन्ही वापरून पाहिलं आणि माझं मत सबव्हर्जनकडे झुकलंय. कारणं सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा.

आमच्याकडे प्रोग्रामिंगचा कोड थोडा आहे. बाकी फ्रीकॅड या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची ड्रॉइंग आणि सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्राम. सीएनसीचा प्रोग्राम साधा मजकूर असतो, त्यातल्या दोघांच्या दुरुस्त्या एकत्र करता येतात. फ्रीकॅडची फाइल मात्र आतून झिप, म्हणजे दाबून बांधलेली. दोघांनी एकाच वेळी एकच ड्रॉइंग बदललं तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर ते जोडून देणार नाही, एकाची मेहनत फुकट जाणार. सबव्हर्जनमध्ये त्या फाइलीला 'नीड्स लॉक' लावून ठेवलं की ती केवळ वाचण्यापुरती उघडते. बदलायची असेल तर आधी लॉक घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला लगेच कळतं की यावर कुणीतरी बसलंय.

आणि नंबर. सबव्हर्जनमध्ये आवृत्ती म्हणजे १४८२, १४८३, अशी सरळ मोजणी. जॉब कार्डावर पेनाने लिहिता येते. ऑपरेटर मशीनवरून फोन करून विचारतो, "चौदाशे ब्याऐंशीच ना?" गिटमधली चाळीस अक्षरी ओळख त्याला काय वाचून दाखवू?

गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलं. त्याआधी कर्नलचं काम बिटकीपर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याची फुकट वापराची सवलत गेली म्हणून. जगभर विखुरलेले हजारो लोक, कुणी कुणाला भेटत नाही, त्यांच्यासाठी ते बनलंय. आम्ही सातही जण एका हॉलमध्ये बसतो.

कृष्णाकाठ

दादा, लॉकचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सगळा इतिहास एका डब्यात ठेवायचा, याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो भोगून आलेला आहे.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. तेव्हा सबव्हर्जनच होतं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं ऑफिस तळमजल्यावर. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्याहून वर पाणी येणार नाही अशी सगळ्यांची खात्री. सर्व्हर उचलून टेबलावर ठेवला, कुलूप लावलं आणि निघालो. परत आलो तेव्हा टेबलच दुसऱ्या खोलीत होतं, सर्व्हरच्या आत गाळ.

उरलं काय, तर चौघांच्या लॅपटॉपवरच्या वर्किंग कॉप्या, म्हणजे कामासाठी सर्व्हरवरून घेतलेल्या प्रती. सबव्हर्जनच्या वर्किंग कॉपीत शेवटची घेतलेली आवृत्ती असते, मागचा इतिहास नसतो. कोड वाचला, पण नऊ वर्षांच्या नोंदी गेल्या. तोलाईचा (वजन करण्याच्या आकाराचा) दर कुठल्या पेठेसाठी वेगळा धरला, कडता (वजनातली सूट) वजा करायची पद्धत कधी बदलली आणि कुणाच्या सांगण्यावरून, यातलं काही उरलं नाही. नंतर दोन वर्षं आम्ही व्यापाऱ्यांना तेच प्रश्न परत विचारत फिरलो.

गिट असतं तर चारही लॅपटॉपवर अख्खा इतिहास असता. कोणताही एक उघडून पुन्हा काम सुरू झालं असतं. तुम्ही सगळे एका हॉलमध्ये बसता म्हणताय, पण पाणीही त्या हॉलमध्ये एकदमच शिरेल की.

माधवनगरकर

कृष्णाकाठ, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. तरी दोष सबव्हर्जनचा नाही, बॅकअप नसल्याचा आहे. 'एसव्हीएन ॲडमिन हॉटकॉपी' ही सबव्हर्जनची आज्ञा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) घालून ठेवली की रोज रात्री, काम चालू असलं तरी, अख्ख्या रिपॉझिटरीची (सगळ्या इतिहासासकट साठ्याची) धड प्रत निघते. ती दुसऱ्या इमारतीत पाठवायला आर-सिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम पुरे. 'एसव्हीएन-सिंक'ने तर दूर दुसरा जिवंत आरसाच ठेवता येतो. हे सगळं २०१९ मध्ये होतं.

दुसरी बाजूही बघा. गिटमध्ये माणूस चार दिवस आपल्याच लॅपटॉपवर कमिट (बदलांची नोंद) करत राहतो आणि पुश (त्या नोंदी सर्व्हरवर पाठवणं) करत नाही. लॅपटॉप एसटीत राहिला तर ते चार दिवस गेले. सबव्हर्जनमध्ये कमिट म्हणजे थेट सर्व्हरवर. 'प्रत्येकाकडे सगळं असतं' हे गिटमध्ये तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येकजण पुश आणि पुल (इतरांच्या नोंदी घेणं) वेळेवर करतो.

आवृत्त्या सांभाळणारी सॉफ्टवेअर मी आरसीएसपासून वापरलीत. ते १९८२ चं, एका फाइलीपुरतं. मग सीव्हीएस आलं, त्यात फाइलीचं नाव बदललं की इतिहास तुटायचा. सबव्हर्जन २००० साली सुरू झालं आणि २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, ती सीव्हीएसच्या याच दुखण्यांवर. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे ते इतकी वर्षं एकाच खोलीत चालू आहे. गिट वाईट नाही, पण कुपवाडकरांच्या कामात ते रेटायचं कारण मला दिसत नाही.

मिरजेची

माझं मत उलटं आहे, काका, आणि कारण पुराचं नाही, रोजचं आहे.

मी मिरजेत घरून काम करते. दुपारी लाईट गेली की राउटर बंद. लॅपटॉप चालू असतो, गिटमध्ये काम चालू राहतं: कमिट होतात, जुना इतिहास बघता येतो, शाखा (मुख्य कामापासून वेगळा फाटा) काढून प्रयोग करता येतो. सबव्हर्जनमध्ये मागची नोंद बघायची तरी सर्व्हर लागतो. कुपवाडात लाईट जात नाही असं कुणी म्हणणार नाही.

दुसरं, चूक शोधणं. आमच्या एका बिलात पैशांचं राउंडिंग चुकत होतं. कधीपासून, कुणालाच माहीत नाही. मधे सहाशेच्या आसपास कमिट. 'गिट बायसेक्ट'ला एक चांगली आणि एक बिघडलेली आवृत्ती सांगितली. ते मधली काढून देतं, आपण तपासून चांगली की वाईट सांगायचं, की उरलेल्यातली निम्मी बाद. दहा फेऱ्यांच्या आत नेमका कमिट सापडला, सहा महिन्यांपूर्वीचा, माझाच. हाताने शोधलं असतं तर आठवडा गेला असता. शाखा काढणं, जोडणं, मोडणं गिटमध्ये इतकं सोपं आहे की माणूस प्रयोग करायला बिचकत नाही.

सर्व्हरसाठीही वेगळं काही उभारावं लागत नाही. त्या डेबियनवर गिट आणि एसएसएच (दूरच्या मशीनला सुरक्षित जोडणारा प्रोग्राम) आहे ना? एक बेअर रिपॉझिटरी (नुसता इतिहास ठेवणारा साठा) काढायची, झालं. नंबरचं म्हणाल तर टॅग (आवृत्तीला दिलेलं नाव) लावा. 'ब्रॅकेट-१२' असा टॅग १४८२ पेक्षा ऑपरेटरला जास्त सांगतो.

आणि हो, फाइलींची नावं मराठीत असतील तर गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे दिसतील. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा, नाव देवनागरीत दिसू लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तिसरं_वर्ष_सांगली

मी विद्यार्थी आहे, मोठ्यांच्या चर्चेत बोलतोय. गिट आम्ही सगळे वापरतो, पण समजून कितीजण वापरतात याबद्दल मला शंका आहे. प्रोजेक्टच्या आदल्या दिवशी काहीतरी अडकलं, एका मित्राने 'गिट रीसेट हार्ड' टाइप करायला सांगितलं. मी केलं. दुपारपासून लिहिलेलं सगळं नाहीसं झालं, कारण कमिट केलेलं नव्हतं. मशीनशॉपमधल्या माणसाच्या हातात हे देऊ नका असं मला मनापासून वाटतं. सबव्हर्जनमध्ये रोज लागतात त्या तीन-चार आज्ञा: अपडेट, कमिट, लॉक, लॉग.

मिरजेची

अरे, कमिट केलेलं असतं तर 'रीफ्लॉग'मधून (गिट आपल्या हालचालींची नोंद ठेवतं त्यातून) परत मिळालं असतं, हार्ड रीसेटनंतरसुद्धा. न केलेलं मात्र कुणीच परत देत नाही. सबव्हर्जनचं 'रिव्हर्ट'ही न विचारता तेवढंच पुसतं. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून गिटमध्ये 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा वेगळ्या आज्ञा आल्या. पूर्वी एकटं 'चेकआउट' शाखाही बदलायचं आणि फाइलही पुसायचं, तो घोळ कमी झालाय. नवशिक्याला तिथूनच सुरुवात करून द्या.

पोवई_नाका

साताऱ्याहून. दोनच पर्याय असल्यासारखं का बोलताय? मर्क्युरियल हे तिसरं सॉफ्टवेअर गिटच्याच महिन्यात, एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या आज्ञा सरळ आहेत. चौथं फॉसिल, तर ते एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांचं. एकच प्रोग्राम, त्यातच विकी आणि तक्रारींची नोंद, आणि सगळा इतिहास एका एसक्यूलाइट फाइलीत. मी माझ्या एकट्याच्या कामाला तेच वापरतो.

माधवनगरकर

दोन्ही चांगली. पण अडलं तर सांगलीत कुणाला विचारायचं? बिटबकेट या कोड ठेवण्याच्या वेबसाइटने २०२० मध्ये मर्क्युरियल बंद केल्यापासून त्याचे वापरणारे आणखी विखुरले. छोट्या ऑफिसने अशी वस्तू घ्यावी जी दुरुस्त करणारा दुसरा माणूस गावात मिळेल.

कृष्णाकाठ

हाच मुद्दा तुमच्या सबव्हर्जनलाही लागू होतो, काका. आमच्याकडे नोकरीला येणारी पोरं गिट शिकून येतात. सबव्हर्जन म्हटलं की थांबून बघतात.

कुपवाडकर

सगळं दोनदा वाचलं. मिरजेची ताई, बायसेक्टचं मला ठाऊक नव्हतं. रविवारी बसून आमच्या मॅक्रोच्या कोडवर करून पाहिलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, आणि त्या कोडसाठी मी गिट घेतो. कमिट करायला सर्व्हर लागत नाही हेही मोलाचं.

पण ड्रॉइंगचं मत बदललं नाही. चाचणीसाठी एका असेंब्लीच्या फ्रीकॅड फाइलीची साठ रूपं दोन्हीत घातली. दाबलेल्या झिपमध्ये फरक काढून जागा वाचवणं दोघांनाही जमत नाही, त्यामुळे साठवण दोन्हीकडे फुगते. सबव्हर्जनमध्ये ते ओझं सर्व्हरवर राहतं, माझ्या मशीनवर एकच आवृत्ती, आणि तिची एक लपवलेली प्रत, म्हणजे दुप्पट. गिटमध्ये साठही रूपं प्रत्येकाच्या मशीनवर येतात. त्यावर गिट एलएफएस ही मोठ्या फाइली वेगळ्या ठेवण्याची जोड आहे, त्यात लॉकही आहे, पण मग सर्व्हरवर त्याचं वेगळं बस्तान बसवावं लागतं आणि एसएसएचपुरता साधेपणा संपतो.

कुणीतरी मला खाजगीत सुचवलं, की ड्रॉइंग सबव्हर्जनमध्ये आणि सीएनसीचे प्रोग्राम गिटमध्ये ठेवा, ते मजकूरच आहेत. हे मी मुळीच करणार नाही. ते चाळीस नग का गेले? भोक बदलल्यावर ड्रॉइंग बदललं आणि प्रोग्राम जुनाच राहिला, किंवा उलटं, आजही मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही एकाच कमिटमध्ये, एकाच नंबराखाली गेले पाहिजेत. जॉब कार्डावर तो एक नंबर असला की ड्रॉइंग आणि प्रोग्राम एका वेळचे आहेत हे ऑपरेटरला कळेल. टॅगनेही जमेल, मान्य आहे, पण टॅग आठवणीने लावावा लागतो, सबव्हर्जनचा नंबर आपोआप पडतो. संध्याकाळी पाचला घाईत असलेल्या माणसाच्या आठवणीवर मला माल सोडायचा नाही.

मिरजेची

हा मुद्दा पटला. ड्रॉइंग आणि प्रोग्राम एकत्र ठेवा, त्याबद्दल वाद नाही. एकच विचारते: लॉक लावून कुणी आठवडाभर गावी गेला तर?

माधवनगरकर

'अनलॉक फोर्स' आहे. कुणी तोडलं याचा मेल जाण्यासाठी सर्व्हरवर हुक (अशा वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लावता येतो. तो लावाच, नाहीतर भांडणं होतात.

कृष्णाकाठ

दादा, मी अजून गिटच्याच बाजूचा आहे, पण तुमच्या कामाला तुमचं बरोबर असेल. एक हट्ट मात्र ऐका. हॉटकॉपी कुपवाडात त्याच शेडमध्ये ठेवू नका. आणि प्रत निघाली यावर विसंबू नका. पुरानंतर आमच्याकडे एक जुनी सीडी सापडली होती, वर मार्करने 'बॅकअप' लिहिलेलं. ती घालून बघितली तर आत फक्त रिकामं फोल्डर होतं.

कुपवाडकर

विश्रामबागेत माझ्या भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे एक छोटा पीसी ठेवतोय, रात्री दोनला प्रत जाईल आणि ती धड आहे का हे बघायला तिच्यावर 'एसव्हीएन ॲडमिन व्हेरिफाय' चालेल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तिथे जाऊन त्या प्रतीतून एक ड्रॉइंग आणि त्याचा प्रोग्राम काढून बघणार. पहिला शनिवार ह्याच आठवड्यात आहे. काय झालं ते इथेच लिहितो.