याकोब, जेकब, जेम्स: नातवाच्या दाखल्यावर काय लिहू?

शरणपूरकर: सलाम मंडळी. माझ्या वडिलांचं नाव याकोब. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘याकोब’, शाळेच्या दाखल्यावर ‘जेकब’, आणि आजी हाक मारायची ‘याकू’. ते गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी एका कचेरीतल्या साहेबांनी ‘ही दोन वेगळी माणसं दिसतात’ म्हणून कागद परत केले. दीड महिना प्रतिज्ञापत्रातच गेला. आपल्या बापाचं नाव हे खरंच आपल्या बापाचंच नाव आहे, असं शपथेवर लिहून देताना फार लागलं मनाला.

आता मला नातू झालाय आणि वडिलांचंच नाव ठेवायचं हे घरात ठरलंय. मुलगा म्हणतो जेकब लिहू. सूनबाई इंग्रजी माध्यमात शिकलेली, ती म्हणते जेम्स, कारण आपण ज्याला याकोबाचं पत्र म्हणतो त्याला तिच्या बायबलात जेम्सचं पत्र म्हणतात. मला हे उलगडत नाही. मराठी शास्त्रात, म्हणजे आपल्या बायबलात, जुन्या करारातल्या इसहाकाचा मुलगाही याकोब आणि येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा, तोही याकोब. मग इंग्रजीत एक जेकब आणि दुसरा जेम्स कसा? महापालिकेत नाव लवकर द्यायचंय.

कॉलेज रोडची बाई (निवृत्त शिक्षिका): काका, सूनबाईंचं चुकलेलं नाही. मूळ हिब्रू नाव ‘याअकोव’. टाच या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी शास्त्रानेच ते जोडलंय: जन्मताना इसहाकाच्या या मुलाने जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरली होती (उत्पत्ती २५:२६). ग्रीक नव्या करारात हा कुलपिता तसाच ‘याकोब’ राहिला, पण प्रेषिताच्या, म्हणजे येशूच्या शिष्याच्या, नावाला ग्रीक प्रत्यय लागून ‘याकोबोस’ झालं. लॅटिनमध्ये त्याचं ‘याकोबुस’, पुढे बोलीत ब चा म होऊन ‘याकोमुस’, त्यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत जेम्स. इटालियन जाकोमोमध्ये तो म अजून ऐकू येतो. इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या पक्षाला जॅकोबाइट म्हणतात तेही यामुळेच.

स्पेनमध्ये ‘संत यागो’ एका दमात म्हणता म्हणता सांतियागो झालं. पोर्तुगिजांनी ते पुन्हा तोडलं, पण चुकीच्या जागी, म्हणून त्यांच्याकडे तियागो. मला सगळ्यात आवडतं ते स्कॉटलंडचं हेमिश. तिथल्या गेलिक भाषेत जेम्सचं शेमस, आणि हाक मारताना शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, म्हणून ‘हेमिश!’ आपण देवला ‘देवा’ म्हणतो तशी ही संबोधन विभक्तीच. ती हाकच पुढे नाव होऊन बसली. तुमच्या आजींचं ‘याकू’ही मला त्याच जातीचं वाटतं.

गोदाकाठ: म्हणजे जॅकही यातलंच ना? फ्रेंच झाकसारखं वाटतं.

कॉलेज रोडची बाई: नाही हो. झाक याकोबाचंच, पण इंग्रजी जॅक हे जॉनचं, म्हणजे आपल्या योहानाचं लाडकं रूप. ऐकायला जवळची, पण कुळं वेगळी.

जुने नाशिककर: आमच्या मोठ्या चुलत्यांचं नाव याकूब. कुराणात याकूब हे पैगंबर, इसहाक यांचे पुत्र आणि यूसुफ यांचे वडील. काका, हिब्रूत सुरुवातीला य, अरबीत य, तुमच्या मराठीत य. ज इंग्रजीचा. शाळेच्या दाखल्यावर कुणी काहीही लिहिलेलं असो, तुमच्या वडिलांचं नाव मुळाला धरूनच होतं.

इतिहासवेडा: नाशिकच्या शरणपूरचे आहात म्हणून सांगतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ख्रिस्ती मिशनने शरणपूरच्या शाळेत शिकवलं. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबने आणि त्या झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. पार्थिवाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफनाच्या वेळी खांदेकऱ्यांत होता. तुमच्या गल्ल्यांत हे नाव दीडशे वर्षांपूर्वीही हाकारलं जात होतं.

शरणपूरकर: आफ्रिकी मुलांबद्दल वडिलांकडून ऐकलं होतं. त्यांच्यात एक याकोब होता हे आज कळलं. रात्री सगळं घरात वाचून दाखवलं. हेमिशची गोष्ट सूनबाईने दोनदा वाचायला लावली, मग तिनेच अर्ज भरला: मराठीत याकोब, इंग्रजीत वाय, ए, के, ओ, बी. आधार, शाळा, बाप्तिस्मा, सगळीकडे हेच लिहायचं असं मुलाला बजावलंय. बाई, हाक मात्र आत्ताच याकू पडली आहे.